जेवणाऱ्याकडे बघू नये

बाळ वजनकाट्यावर ठेवलं, की काका आधी काट्याच्या आकड्यांच्या तबकडीवर डावा तळहात ठेवायचे.

“पैले पोरीकडं बघा. काटा कुठं पळून चाललाय?”

मग आईला नाइलाजाने बाळाकडे बघावं लागे. गार पत्रा पाठीला लागल्यामुळे ते हातपाय झाडत असे, नाहीतर वरच्या पंख्याकडे टकाटका बघत असे. आईचं तेवढं बघून झालं की काका तळहात उचलत, कपाळावरचा चष्मा खाली ओढत आणि आकडा फाईलवर लिहून टाकत. तो मोठ्याने वाचत नसत. बाहेर बाकावर दहा आया बसलेल्या असायच्या आणि दहाही जणींचे कान आतच असायचे.

आमच्या सिडकोतल्या मुलांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. तुमच्याही भागात असा एखादा दवाखाना असेल, जिथे डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून झाले की उरलेले दहा लोक कंपाउंडरला विचारतात. वयाने ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असतील. पण सगळी कॉलनी काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. ते मला ‘बाई’ म्हणायचे. मी शाळेतून निवृत्त झालेय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. “आवाजावरून कळतं की,” म्हणाले.

एकदा माझ्यापुढच्या नंबराची एक आजी नातवाला घेऊन आली होती. नातवाच्या पायात चांदीचे चांगले जाडजूड वाळे, कमरेला करदोटा, अंगात स्वेटर, आणि दिवस एप्रिलचे. काकांनी एकेक वस्तू उतरवून आजीच्या ओटीत ठेवली. “वाळ्याचं वजन सोनाराकडं करा मावशी, इथं पोराचं करू.” आजी रुसली. जाताना मात्र त्यांनाच विचारून गेली, की याला आता भात द्यावा का.

दुपारी अडीचला दवाखाना बंद झाला की पडद्यामागच्या स्टुलावर ते डबा उघडत. ज्वारीची भाकरी, कांदा, कसलीतरी पातळ भाजी. जेवायचे ते नेहमी भिंतीकडे तोंड करून. एकदा माझी छत्री आत राहिली म्हणून मी परत गेले, तर मागे न वळताच म्हणाले, “बाई, दोन घास राह्यलेत. तेवढं बाहेर बसता का?” मला ते जरा विचित्रच वाटलं होतं.

आता माझ्या घरचं सांगते. माझ्या सासूबाईंनी माझी दोन्ही मुलं सांभाळली, म्हणून मी निवृत्तीपर्यंत शाळेत टिकले. तेव्हा सून प्राजक्ता बाळंत झाली, तशी मी सगळ्या नातेवाइकांपुढे छाती काढून सांगून टाकलं होतं, की नात मनू माझ्याजवळ राहील, प्राजक्ता खुशाल कामावर जाईल. ती वाळूजला एका कंपनीत होती. रजा वाढवून वाढवून मनू दहा महिन्यांची झाली. आता येत्या एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा, असं पत्र आलं होतं.

आणि मनू काही खाईना. आईचं दूध तेवढं तिला चालायचं. उष्टावणाच्या दिवशी मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, ती तिने मामाच्या नव्या शर्टावर परत केली. आम्ही हसलो. त्यानंतर मात्र चार महिने तोच प्रकार चालू राहिला. मुगाच्या डाळीचं पाणी, खिमट, नाचणीची पेज, उकडलेला बटाटा, सगळं ती ओठ घट्ट मिटून परत पाठवायची. मी फ्रिजवर तक्ता चिकटवला होता. सकाळी काय दिलं, किती चमचे गेले, किती बाहेर आले. शिक्षकाचा हात, रकाने अगदी पट्टीने आखलेले. त्यात गेलेल्या चमच्यांचा रकाना कोराच राहायचा.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं नीट निघालं. वजन तेवढं दोन महिने जागचं हललं नव्हतं. प्राजक्ता बाहेर येऊन बाकावर बसली आणि मला म्हणाली, “आई, मी राजीनामा देते. तुमचा काही दोष नाही.”

दोष नाही असं कुणी म्हटलं की तो आपलाच असतो, हे मी वर्गात मुलांना शिकवलेलं आहे. माझा चेहरा पडला असणार, कारण काका फाईल द्यायला आले ते तिथेच उभे राहिले.

“जेवताना पोरीपाशी किती जणं असता, बाई?”

मी मोजलं. मी, आमचे हे, प्राजक्ता, सुट्टी असली तर मुलगा, आणि आमच्याकडे भांडी घासायला येणारी शोभा, कारण तिला गाणी येतात. “पाच.”

“आन् जेवतं कोण?”

“ती एकटी. आम्ही तिचं झाल्यावर बसतो.”

“म्हंजे पाच जण बघायलेत आन् एक जण जेवायलंय. मला असं पाच जणांनी बघितलं तर पाणी बी घशाखाली उतरायचं नाय.”

“अहो, ती बाळ आहे.”

“बाळ माणूस नसतं व्हय? जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, आईनं शिकवलं नाय का आपल्याला?”

मला राग आला. कितीतरी वर्षं मी शाळेत खिचडी वाटताना ताटं संपेपर्यंत मुलांसमोर उभी राहिले होते. माझ्या वर्गातल्या मुलांची ताटं लख्ख व्हायची. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, “कंपाउंडर आहेत, कंपाउंडरसारखं राहावं माणसाने.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी चमचा पुढे नेला, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की मनू चमच्याकडे बघतच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग आजोबांकडे, मग आईकडे, मग शोभाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. तोंडी परीक्षेला आमच्यापुढे उभं राहिलेलं पोर असंच बघायचं. मी चमचा खाली ठेवला आणि काकांना फोन केला.

ते आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. रविवारी दुपारी आले, हातपाय धुतले, पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. “तुमची पोळी तिला तुटायची नाय. ही मऊ हाये.” स्वयंपाकघरात सगळ्यांची ताटं एका ओळीत मांडायला लावली. मनूचं शेवटी, तेही आमच्याएवढंच. त्यात वरणात भिजून लुसलुशीत झालेली भाकरी, मऊ भात, बिनतिखटाची भोपळ्याची भाजी.

“आता फिरा भिंतीकडं.”

“आणि घशात अडकलं तर?” प्राजक्ता म्हणाली.

“डोळे फिरवायचे, कान नाय. कानानं बघा. मी हाये तिच्याजवळच.”

तर अशा तऱ्हेने आम्ही पाच थोर माणसं फ्रिजकडे तोंड करून जेवायला बसलो. ह्यांच्या समोर तर नुसता गॅसचा सिलिंडर होता. मागे वाटी उलटी झाल्याचा आवाज आला, मग काहीतरी थपकन पडलं. मी वळणार तेवढ्यात काका म्हणाले, “सांडू द्या. सांडायची लाज लेकरांना नसती, ती आपण लावतो.”

मला राहवेना. माझ्या शेजारी पाण्याचा स्टीलचा जग होता. त्यात मागचं सगळं दिसत होतं, जरा फुगीर, पण दिसत होतं. मी घास हातात धरून त्या जगात बघायला लागले. काकांनी हात लांब केला, जग उचलला आणि पलीकडे नेऊन ठेवला. आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या दिवशी मनूने एक शीतही खाल्लं नाही. भात केसाला लावला. सोमवारीही तेच. काका रोज येतील असं मला वाटलं होतं, तर म्हणाले, “पाठ फिरवायला कंपाउंडर कशाला लागतो?” मग तिच्याजवळ कान देऊन बसायचं काम मी घेतलं. मंगळवारी मी फ्रिजवरचा तक्ता काढला, कारण जेवताना तोच समोर यायचा आणि माझं जेवण कडू व्हायचं.

गुरुवारी दुपारी मागून आवाज आला. मच् मच्. थांबला. पुन्हा आला. माझा हात तसाच वरणात राहिला. प्राजक्ताने माझा गुडघा असा दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे दुखत होतं. तिच्या डोळ्यांतून ताटात टपटप पाणी पडायला लागलं. “वळू नकोस,” मी कुजबुजले, “रड, पण वळू नकोस.” मागे आमची मनू भाकरी खात होती. आयुष्यात मी खूप गोड आवाज ऐकलेत, पण त्या आवाजाची सर कशाला नाही.

एक तारखेला प्राजक्ता कंपनीच्या बसमध्ये चढली. मी मनूला कडेवर घेऊन कोपऱ्यावर उभी होते, आणि मनूच्या मुठीत भाकरीचा तुकडा होता.

पुढच्या वेळी वजनाला गेलो तेव्हा काकांनी नेहमीप्रमाणे तबकडीवर तळहात ठेवला. मी मनूकडे बघितलं. मग त्यांनी तळहात उचलला, आणि तेवढ्या एका दिवशी आकडा मोठ्याने वाचला, अगदी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा.

त्यानंतर काका अधूनमधून रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. मनू सरळ त्यांच्या ताटात हात घालायची. एकदा मी विचारलं, “तुम्हाला हे सुचलं कसं?”

ते कांदा चावत म्हणाले, “आम्ही खुलताबादचे. शाळेसाठी मला चुलत्याकडं ठिवलं व्हतं, इथं शहरात. चुलती वाईट नव्हती, बाई. कदी मारलं नाय, बोलली नाय. निस्ती बघायची. मी दुसऱ्या भाकरीला हात घातला की बघायची. आता चुलती बी गेली. पण घास तोंडात घालताना अजून कुणीतरी बघायलंय असं वाटतं.” आणि हसून मनूला म्हणाले, “तू नको घाबरू. तू खा.”

मला माझी शाळेतली खिचडीची रांग आठवली. माझ्यासमोर लख्ख झालेली ती ताटं आठवली. त्या दिवसापासून त्या ताटांचा अभिमान माझा गेला तो गेलाच.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. दवाखान्यात नवीन काटा आलाय, त्यावर लाल आकडे चमकतात आणि ते लांबून सगळ्यांनाच दिसतात. आया बाळ ठेवतात आणि आकडे बघतात. नवीन मुलगी चांगली आहे, हसतमुख आहे. पण तिथे गेलं की माझी नजर त्या आकड्यांवर तळहात शोधते.

जाण्याच्या दोन महिने आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. हॉस्पिटलमधून घरी आणल्याचं कळलं म्हणून मी मनूला घेऊन भेटायला गेले. मनू तेव्हा पाच वर्षांची. काका खाटेवर उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला जरा ओढलेलं. आणि त्यांच्याभोवती सगळं घर उभं होतं. दोन मुलं, सुना, शेजारची एक बाई. काकू चमचा घेऊन वाकल्या होत्या. “एकच घास घ्या ना. बघा, पोरं बी आलीत बघायला.” काकांनी ओठ घट्ट मिटले होते.

काकूंनी मला बाजूला नेलं. “डॉक्टर म्हणतेत गिळायला काय अडचण नाय, डावा हात बी चालतो. पण चार दिस झाले, चहाबिगर काय घेत नाईत. असंच राह्यलं तर...” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी काकांकडे बघितलं. ते चमच्याकडे बघत नव्हते. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

दुसऱ्याच्या घरात आपण बोलावं की नाही, हा विचार माझ्या मनात आला तोवर माझा वर्गातला आवाज बाहेर पडला होता. “सगळे खाली बसा. ताटं घ्या. आणि तोंडं भिंतीकडे.” मोठा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. लहान असताना कुणीतरी असंच ओरडलं असणार त्याच्यावर, तो बसला. मग सगळेच बसले. काकूंनी चुरलेली भाकरी वरणात भिजवून ताट काकांच्या डाव्या हाताशी ठेवलं. मनूला मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसवलं आणि तिच्या पुढ्यातही तसंच ताट दिलं.

“आजी, मी पण तिकडे तोंड करू?”

“तू जेवतेस ना? मग नको. तू जेव. आणि काकांना ठसका लागला तर हाक मार.”

मी काकूंच्या शेजारी बसले. समोर निळा रंग उडालेली भिंत होती. भिंतीशी पाण्याचा स्टीलचा जग ठेवलेला होता, आणि त्यात खाट दिसत होती, काकांचा डावा हात दिसत होता. मी हात लांब केला, जग उचलला आणि पलीकडे नेऊन ठेवला.

मागे बराच वेळ काही झालं नाही. मग ताट खाटेवर सरकल्याचा आवाज आला, काहीतरी सांडलं. काकू वळायला लागल्या तसा मी त्यांचा हात धरला.

“सांडू द्या,” मनू मागून म्हणाली.

त्या दुपारी काका किती घास जेवले, हे मला आजही माहीत नाही. मी भिंतीकडे बघत होते. काकू रडत होत्या, पण वळल्या नाहीत, आणि आमच्या मागे दोन माणसं सावकाश भाकरी चावत होती.