पहिली कंकोत्री

त्या रविवारांची आठवण आली की आधी कापूस आठवतो. दिवाळीनंतर जळगावच्या जिनिंगमधून सुटलेले हलके तंतू आमच्या गुजराती समाजाच्या वाडीपर्यंत येत, वरच्या हॉलच्या जाळीत अडकत आणि सकाळच्या उन्हात इतके सावकाश हलत राहत की सारी खोली पाण्याखाली आहे असे वाटावे. त्या खोलीत चौदा मुले सतरंजीवर बसून गुजराती अक्षरे गिरवत, आणि मी हजेरीपट घेऊन दाराशी उभी असे.

शाळा काढण्याचे कारण एकच होते. माझ्या भावाचे लग्न वैशाखात ठरले होते. आमच्या घरी लग्नाच्या पत्रिका कितीही छापल्या, तरी पहिली कंकोत्री, गणपतीच्या नावाची, हाताने आणि गुजरातीतच लिहिली जाते. कुंकवाची बोटे लावून ती देवापुढे ठेवल्याखेरीज दुसरी पत्रिका घराबाहेर पडत नाही. चाळीस वर्षे ती धुळ्याला दिलेली फोई, म्हणजे माझी आत्या, लिहीत आली होती. यंदा तिचा हात कापू लागला. फोनवर ती सहज बोलावे तसे म्हणाली, "हीसुद्धा छापून टाका. नाहीतरी वाचणारं कोण उरलंय?" तो सहजपणा खरा नव्हता, हे मला कळले.

मी प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने केळीची रोपे वाढवते. काचेच्या बाटलीतल्या नखाएवढ्या कोंभातून सारे पुन्हा उगवते, यावर माझा रोजचा विश्वास आहे. भाषेचेही तसेच असेल, असे मी गृहीत धरले. आमच्या मुलांना गुजराती कानाने येते आणि देवनागरी डोळ्यांनी. मधला पूल तेवढा बांधायचा. मी बारा रविवारांचा तक्ता केला: आधी देवनागरीशी जुळणारी अक्षरे, मग न जुळणारी, शेवटी नावे. माघात मुलांपैकी कोणीतरी कंकोत्री लिहील, असा माझा हिशेब होता.

वाडीची किल्ली नानांकडे असे. नाना गुजराती समाजाचे विश्वस्त खरे, पण तीन पिढ्या खान्देशात मुरल्यामुळे मनातले बोलायचे झाले की अहिराणीवर येत.

"बेटा, बठ्ठा लोके दुकानवर ऱ्हातस. रविवारले कोन ई?"

"मुलं येतील, नाना."

"आनि शिकाडी कोन?"

"फोई."

"मंग बरोबर शे," म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

फोई पहिल्या एसटीने धुळ्याहून येई. थाळीत बाजरीचे पीठ पसरून ती बोटाने अक्षर काढी. पिठात कंप दिसत नाही, असे तिचे म्हणणे. गुजराती अक्षरांच्या माथ्यावर रेघ नसते, पण मराठी शाळेत घडलेली आमची मुले प्रत्येक शब्दावर ती ओढल्याशिवाय थांबत नसत. "अरे, घरं काय बांधता? छप्पर काढा!" फोई ओरडे, आणि चौदा तळवे पिठावरची छपरे पुसून टाकत. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी सर्वांत चपळ होती. कंकोत्री तीच लिहिणार, हे मी मनोमन ठरवून टाकले.

मी स्वतः मात्र सतरंजीवर कधी बसले नाही. झेरॉक्स काढणे, पालकांना निरोप देणे, कोण किती पुढे गेले याचा आलेख ठेवणे, ही माझी कामे. "तूही बस ना," फोई एकदा म्हणाली. "मी बसले तर हे सगळं कोण बघणार?" यावर ती हसली. "रांधणारीनंही कधीतरी जेवावं, दीकरा."

माघातल्या पंचमीला आमच्या देवघरासमोर पाट मांडला. लाल शाई, कोरा कागद, कुंकवाची थाळी. त्या मुलीला मी मुद्दाम बोलावून आणले होते. काकवांनी गाणी सुरू केली. फोईने लेखणी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"मी? लिहिणार तर ही आहे."

"पहिली कंकोत्री घरची दीकरी लिहिते. मी चाळीस वर्षं का लिहीत होते? माझं अक्षर चांगलं म्हणून?"

मी तेच समजत होते; ती या घरची लेक म्हणून लिहीत होती, हे कधी ध्यानातच आले नव्हते. इतक्या वर्षांच्या निरीक्षणातून मी चुकीचा निष्कर्ष काढला होता.

"मला लिहिता येत नाही," मी म्हणाले.

"घ्या! शाळेची मालकीण!" आई हसली. फोई हसली नाही. तिने लेखणी हळूच थाळीच्या कडेला ठेवली आणि कापणारा हात पदराखाली घेतला. "राहू दे मग," ती आईला म्हणाली. "छापायला दे."

तेवढ्यात ती मुलगी सरकत माझ्याजवळ आली. तिने कुंकवाची थाळी ओढली, हलवून सपाट केली आणि बोटाने पहिले अक्षर काढले. "दीदी, असं. खालून वळव." मी लेखणी उचलली आणि तिचे पाहून कागदावर उतरवले. ती थाळी हलवी, लाल रंगातून नवे अक्षर वर येई, मी ते कागदावर नेई. देवाचे नाव पुरे झाले, आणि माझ्या हाताने जन्माच्या सवयीने त्यावर सरळ रेघ ओढली.

"छप्पर!" ती किंचाळली.

गाणे थांबले. प्रयोगशाळेच्या वहीत चुकीवर एक रेघ मारून पुढे जाता येते. या कागदावर खाडाखोड अशुभ. फोई वाकली.

"असू दे," ती म्हणाली. "खान्देशातला गणपती आहे. उन्हात किती बसेल?"

चार ओळींना तासभर लागला. काकवांची गाणी संपली, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. शेवटी फोईने कोपऱ्यांवर कुंकवाची बोटे लावली. हात हलल्यामुळे ते ठिपके पाकळ्यांसारखे पसरले.

पुढच्या रविवारी हजेरीपट मी नानांच्या हाती दिला. "पंधरावं नाव कोनं शे?" त्यांनी चष्मा वर करून विचारले. मी तोवर सतरंजीवर बसले होते. जाळीत कापूस हलत होता, आणि थाळी एकेका मांडीवरून माझ्याकडे येत होती.