पोपटाला लावलेलं वळण

मानवतच्या मावशींनी पोपट माझ्या हवाली केला तो रडत रडतच. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या त्या मावशी. त्यांचे यजमान वारून काही महिनेच झाले होते. "बाई, ह्यो त्यांच्याच आवाजात बोलतो. आधी खाकरतो, मग म्हनतो, चहा टाक गं. अन् मी येडी उठून गॅस पेटवते. सोसंना आता." मी परभणीत एकटीच राहते. तेवढीच सोबत, म्हणून हो म्हणाले.

सोबत कसली, त्यानं माझ्या नाकीनऊ आणले. चोचीनं पिंजऱ्याची कडी उघडायचा, वह्या तपासायला बसले की लाल पेन पळवायचा, हात पुढे केला की कडकडून चावायचा. पेरूच्या बिया तेवढ्या खाऊन फोड माझ्या अंगावर भिरकावायचा. पण मीही हट्टाची. रोज शाळेतून आले की पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात काहीबाही बोलत राहायची. उन्हाळा सरता सरता तो खांद्यावर बसून माझ्या कानातल्यांशी खेळायला लागला. मला कोण अभिमान!

खटकायचा तो आवाज. पहाटे भरदार पुरुषी खाकरणं आणि मग "चहा टाक गं!" तेही एकट्या बाईच्या घरातून! घरमालकीणबाईंनी एकदा जिन्यातच विचारलं, "पाव्हणे आलेत का कुणी?" मी त्यांना वर नेऊन पोपट दाखवला, तरी गल्लीतल्या माना माझ्याकडे वळायच्या त्या वळायच्याच. मग मी मास्तरकी सुरू केली. तो खाकरला की पिंजऱ्यावर चादर. माझ्यासारखं "नमस्कार, या, बसा" म्हणाला की भिजवलेले शेंगदाणे. पाखरू हुशार. दिवाळीपर्यंत खाकरणं पार गेलं आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

संक्रांतीच्या सुमारास मावशी न कळवता एसटीनं आल्या. पाणीसुद्धा न घेता पिंजऱ्यासमोर बसल्या. "तवा सोसत न्हवतं. आता त्यांचा आवाजच आठवंना झालाय, बाई. फोनमंदी बी न्हाई कुठं. एकदा ऐकते अन् जाते."

पोपटानं त्यांना ओळखलं होतं, तो दांडीवर नाचायला लागला. मावशी खाकरल्या. मग आवाज जाड करून म्हणाल्या, "चहा टाक गं." पोपटानं मान तिरपी केली, बाजूला पडलेल्या चादरीकडे पाहिलं आणि माझ्या आवाजात, अगदी स्पष्ट म्हणाला, "नमस्कार. या, बसा."

मावशींनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. आणि आता तो शेंगदाण्यासाठी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. गल्ली काय म्हणेल म्हणून मी एका बाईच्या नवऱ्याचा आवाज पुसून टाकला होता, तोही नेटानं, कौतुकानं.

मावशींनी पदरानं डोळे टिपले आणि उलट माझीच समजूत काढली. "असू द्या. मुकं पाखरू हाय, इसरनारच. पर लय जीव लावला तुमी त्याला."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "हो ना, विसरला बिचारा." मावशी गजातून बोट घालून त्याचं डोकं कुरवाळत राहिल्या, आणि मी ती चादर उचलून हळूच आतल्या खोलीत नेऊन ठेवली.