व्हर्नाबाईंचा पियानो

केंटकीच्या आमच्या कोळशाच्या खोऱ्यात व्हर्ना टॅकेटबाई आठवडाभर शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायच्या. काय हात होता त्यांचा! त्या वाजवायला लागल्या की माझ्यासारखी बेसूर पोरगीही सुरात गायची. ते रविवार आठवले की अजून जीव कासावीस होतो.

खाणीच्या छतातून पानांचे ठसे उमटलेले दगड निघत. खाणकामगार ते जेवणाच्या डब्यातून आणून थेट बाईंच्या टेबलावर ठेवायचे. त्यात सगळ्यांत पुढे ओटिस प्रेटर, आमच्या चर्चचे कारभारी.

"घे व्हर्ना, बायबलातल्या नोहाच्या पुरात बुडालेलं पान!"

"पुराच्या कोट्यवधी वर्षं आधीचं आहे ते, ओटिस. पण सुरेख आहे हं."

"माकडाची नात ती, ऐकतेय कसली!"

दोघंही हसायची.

मग नवे पाद्री आले आणि हसणं संपलं. देवानं सहा दिवसांत जग घडवलं, असं मानणाऱ्यांच्या चर्चमध्ये उत्क्रांती शिकवणारी बाई पियानोवर नको, असं ठरलं. निरोप द्यायला ओटिसच गेले. धडा गाळ, नाहीतर पियानो सोड.

बाईंनी पियानो सोडला. घरी त्यांच्याकडे पियानो नव्हता. तरी दर रविवारी त्या यायच्या आणि मागच्या बाकावर एकट्या बसायच्या. शेजारी बसायची कुणाची छाती नव्हती, माझ्या आईचीही नाही. आमचं गाणं म्हणजे नुसता गोंधळ झाला. मला त्या साऱ्यांचा असा संताप यायचा! ओटिस दगड आणत राहिले, पण बोलायचे नाहीत. ठेवायचे आणि चालू लागायचे.

काही वर्षांनी ओटिसची बायको लुएला गेली. मी बाईंच्या ओसरीवर शेंगा सोलत होते. ओटिस टोपी हातात घेऊन पायरीशी उभे राहिले.

"लुएला सांगून गेलीय. तिच्या अंत्यविधीला पियानो व्हर्नानंच वाजवायचा."

"धडा मी गाळलेला नाही, ओटिस."

"मी कुठं गाळ म्हणतोय? खोटाच आहे तो. पण तू ये."

बाई गेल्या. सराव नसल्यानं दोनदा चुकल्या, तरी सगळं चर्च रडलं.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा मागच्या बाकावर. पाद्री बोलायला उभे राहिले, तेवढ्यात ओटिस पहिल्या बाकावरून उठले, सगळ्यांच्या देखत मागे चालत गेले आणि म्हणाले, "सरक जरा, व्हर्ना."