पहिलीच्या वर्गातल्या नव्या मॅडम

शाळेत किस्से शोधावे लागत नाहीत. चहाला कुणी एक सांगितला की त्याच्या मागोमाग दुसरा येऊन बसतो. ज्याला वाचता येतं त्याला कुणी फसवू शकत नाही, असं म्हणत मी दिल्लीहून शिकून वाशिमला परत आले. काम मिळालं ते डी.एड. कॉलेज आणि जिल्हा परिषदेची शाळा यांची जोडी लावण्याचं. कॉलेजची विद्यार्थिनी प्रतीक्षा इंझोरीच्या पुढच्या एका गावात पहिलीला वाचायला शिकवणार होती. हेडसरांची अट एकच.

"दिवाळीच्या आत पोट्टे वाचाले लागले पायजेत. नाई तर मॅडम वापस कॉलेजात, अन् आमी वापस बाराखडीवर."

*

कॉलेजातल्या सराव पाठाला मैत्रिणीच मुलं होऊन बसतात आणि हवं ते उत्तर देतात. तोच पाठ प्रतीक्षाने इथे घेतला. अननसाचं चित्र धरून विचारलं, हे काय आहे? वर्ग चिडीचूप. शेवटी समोर बसलेल्या आयेशाला तिची दया आली.

"मॅडम, तुमाले बी नाई माईत का?"

दुसऱ्या दिवशी अननस गेला, अंबाडी आली.

*

मग वस्तूंवर नावांची कार्डं लागली. दार, माठ, फळा. पोरांनी हेडसरांच्या मोटरसायकललाही 'गाडी' चिकटवलं. सर तसेच तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या मीटिंगला जाऊन आले.

"सायेब म्हणे, गुरुजी, लोक बैल समजतीन म्हणून लिवलं का?"

कार्ड मात्र त्यांनी काढलं नाही.

*

आयेशाचे अब्बा बाजारात कपडे शिवतात. एकदा तक्रार घेऊन आले. पोरगी रस्त्याने प्रत्येक पाटीपाशी थांबते, वाचल्याशिवाय हलत नाही, घरी पोचायला अंधार होतो.

"मॅडम, जरासं कमी शिकवा."

प्रतीक्षा दिवसभर हसत होती.

*

दिवाळीच्या तोंडावर साहेब तपासणीला यायचे होते. हेडसरांनी आदल्या दिवशी वर्गाला जुनी युक्ती पढवली. हात सगळ्यांनीच वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा, म्हणजे कुणाला उठवायचं ते सरांना कळतं. प्रतीक्षाला हे पटलं नाही.

साहेबांनी मुलांना नवी कोरी पुस्तकं वाटली आणि विचारलं, पहिलं पान कोण वाचतं? सगळे हात वर. सगळे डावे!

प्रतीक्षाचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच उठवा कुणाला." सरांनी देवाचं नाव घेऊन समोरच्या दुर्गाला उठवलं. तिने पान घडाघडा वाचलं. मग शेजारच्याने दुसरं, त्याच्या मागच्याने तिसरं. साहेब खूश होऊन, प्रतीक्षाला वर्षभर इथेच ठेवा म्हणून सांगून गेले.

जीप वळताच हेडसर दुर्गाकडे वळले.

"काहून वं, येत होतं तं डावा हात कायले वर केला?"

"उजव्या हातात पुस्तक होतं नं, सर."