लिनक्सवाले पप्पा

तो कागद मीच लिहिला होता. गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरी करते, सांडोर गावातल्या आमच्या घरी बसूनच. आमचा नवा गेम लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालीवर आणायचा नाही, असं मी त्या कागदात मुद्देसूद पटवून दिलं होतं. लिनक्स वापरणारे खेळाडू मोजके, त्यातही प्रत्येकाच्या मशीनची जुळवणी वेगळी, म्हणजे एकाची तक्रार सोडवली तरी दुसऱ्याची तशीच. गेम नाहीत म्हणून खेळणारे तिकडे जात नाहीत, आणि खेळणारे नाहीत म्हणून आम्ही गेम करत नाही. वरिष्ठ खूश झाले. मीही चार दिवस नाक वर करून फिरले.

आणि लिनक्स होतं कुठे, तर आमच्याच घरात, पप्पांच्या कॉम्प्युटरवर. मीच घातलेलं. आमचे हे निवृत्त मास्तर सणाच्या शुभेच्छांसोबत आलेली प्रत्येक लिंक उघडायचे आणि व्हायरस घरात आणायचे, आणि लिनक्सला ते सहसा लागत नाहीत, म्हणून. कागद लिहिताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. इतका राग आला स्वतःचा, काय सांगू.

कारण गेम केळीच्या वाडीचा होता आणि वाडीच्या कोपऱ्यात, विहिरीच्या काठावर, मी माझी आई बसवली होती. केळीच्या सोपटाचा दोरा दातात धरून मेथीच्या जुड्या बांधणारी. आईला जाऊन चार वर्षं झाली. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ती शोभेची बाई. मी एकुलती एक. तिला बघताक्षणी ओळखेल असा एकच माणूस उरला होता, आणि नेमकं त्यालाच मी बाहेर ठेवलं होतं.

गेम आला त्या रविवारी मिस्सा संपल्यावर पप्पांनी चर्चच्या आवारात भेटेल त्याला पोरीच्या गेमचं सांगितलं. घरी येऊन कॉम्प्युटर लावला, तर गेम उघडेना. दोन दिवस ते मला काही न बोलता पडद्यावरची सूचना वहीत उतरवून घेत होते, जसा काही त्यांचाच अभ्यास कच्चा राहिला होता. शेवटी मी सगळं कबूल केलं, फक्त आईचं सोडून. वाटलं, ओरडतील.

"आमच्यासारखे थोडेच असतील तर तुझं बरोबरच आहे," ते म्हणाले.

ओरडले असते तर परवडलं असतं.

मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. परक्याच्या घरी अर्धा कप चहा घ्यावा तसे ते पाच मिनिटं खेळले, छान आहे म्हणाले आणि परत दिला. अक्षरं बारीक, माऊस नाही. विहिरीपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्या मशीनवर सगळं त्यांच्या डोळ्यांना आणि थरथरत्या हाताला बसवलेलं होतं.

मग मीही हट्टाला पेटले. वरिष्ठांना लिनक्सचं विचारलं, तर तुझ्या सुट्टीत काय ते कर म्हणाले. तीन रविवार गेले. आधी आवाज गेला, मग मराठी अक्षरांच्या काना-मात्रा विस्कटल्या, मग विहीरच दिसेना. चौथ्या रविवारी एकदाचा गेम चालला.

गुडघ्यांमुळे पप्पा वर्षभर वाडीत उतरले नव्हते. पडद्यावरच्या वाडीत मात्र ते सावकाश, एकेका केळीपाशी, पाण्याच्या पाटापाशी थांबत फिरले. माझा जीव टांगणीला. विहिरीपाशी आले आणि माऊसवरचा हात थांबला.

"ही बोलत नाही?"

"आवाज नाही घातला, पप्पा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग मी बोललो तर चालेल ना?"

आई गेल्यापासून आमची घरची बोली त्यांच्या तोंडून जवळजवळ गेलीच होती. त्याच बोलीत ते तिला सांगू लागले, की गुडघे आता बरे आहेत, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस. मी मागे उभी राहून रडत होते, लपवलंही नाही. मग त्यांनी आवाज थोडा खाली आणला आणि तिला म्हणाले, की पोरीनं पाट उलट्या बाजूनं काढलाय, पण आज तिला काही बोलू नकोस.