मांजराचा नायटा, माझा महारोग

निजामाच्या अमलात, मुरूमच्या एका व्यापारी घरात, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मला महारोगी ठरवण्यात आलं. ठरवणारे कोण, तर एक सासू, एक शेजारीण आणि एक बाभळीचा काटा. हे सांगताना मी हसते, पण ऐकणाऱ्यानं फसू नये. माझा राग अजून ताजा आहे.

झालं इतकंच, की माझ्या डाव्या हातावर तीन गोल चट्टे उठले. कडा लाल, मध्ये कोरडं, आणि खाज अशी की पीठ मळता मळता मी हात चुलीच्या दगडावर घासत असे. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. अव्वांनी शेजारणीला बोलावलं. महारोगाच्या चट्ट्यावर टोचलेलं कळत नाही, असं तिनं कुठंसं ऐकलं होतं. तिनं काटा टोचला. मी अशी किंचाळले, की दुकानातली गिऱ्हाइकं अंगणात आली. तिथंच सगळं मिटायला हवं होतं. पण शेजारीण म्हणाली, "ढोंग करतीया. लई नाटकी हाय ही."

नाटकी मी आहेच. म्हणून काय काटा टोचत नाही?

आठ दिवसांत ठरलं, मला माहेरी धाडायचं आणि मुलाला दुसरी करून आणायची. उर्दू शाळेत शिकलेले माझे यजमान खांबाला टेकून स्वतःची नखं बघत होते.

निघायच्या सकाळी बैल लंगडायला लागला. नळदुर्गचा सालोत्री, म्हणजे जनावरांचा वैद्य, बाजारासाठी गावात आला होता. त्याला बोलावलं. मी ट्रंक घेऊन गाडीत बसलेली. त्यानं बैलाच्या खुरातला खडा काढला, तेवढ्यात घरचं मांजर त्याच्या पायाला अंग घासू लागलं. त्यानं ते मानगुटीला धरून उचललं. कानामागं आणि पंजावर केस झडून चिंचोक्याएवढी टकलं पडली होती. आम्ही ती रोज बघत होतो. बोक्याशी भांडण झालंय, असं अव्वा म्हणत.

"नायटा हाय ह्याला," सालोत्री म्हणाला. "माणसालाबी लागतो. कुणाजवळ निजतं हे?"

लग्न झाल्यापासून मी सासऱ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढं ओढला, घसा साफ केला आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "दुपारी मामंजींच्या पोटावर निजतं."

ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांचा हात सदऱ्याखाली खाजवत होता, तो तिथंच थांबला. सालोत्र्यानं अदबीनं सदरा वर करायला सांगितलं. ते इज्जतीबद्दल बरंच बोलले, पण शेवटी सदरा उचलला. पोटभर वर्तुळं. माझी तीन, त्यांची मोजवेनात.

"उष्णता झालीया त्यांना," अव्वा म्हणाल्या.

सुनेच्या हातावर उठलं तर महारोग, सासऱ्यांच्या पोटावर उठलं तर उष्णता!

सालोत्र्यानं औषध सांगितलं. मांजराच्या चट्ट्याभोवतीचे केस कापा, करंजाच्या तेलात गंधक खलून लावा, वाकळा उन्हात टाका. माणसांनीही तेच लावायचं. जनावराचं औषध आपण लावणार नाही, असं सासऱ्यांनी बजावलं. अव्वांनी गड्याला मांजर पोत्यात घालून माळावर सोडायला सांगितलं आणि माझ्याकडं वळल्या, "उतर खाली. भाकरी टाकायच्यात."

एवढंच. चुकलं म्हणून एक शब्द नाही.

मी पोतं मागून घेतलं, मांजर मांडीवर ठेवलं आणि सालोत्र्याला विचारलं, बैल चालेल का. चालेल म्हणाला. मी गाडीवानाला हाकायला सांगितलं.

माहेरी दीड-दोन महिन्यांत माझा हात साफ झाला, मांजराला नवे केस आले. मग यजमान न्यायला आले. वडील आणि शेजारी बसले असताना मी त्यांना विचारलं, मला काय झालं होतं. "नायटा," ते म्हणाले. कशापासून? "मांजरापासून." आणि मांजराला पोटावर कोण निजवत होतं?

त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी त्यांना तसंच परत पाठवलं. पंधरा दिवसांनी ते उत्तर घेऊन आले.