सकाळी सातची चाचणी

कुणालाच कधी सांगितलं नाही ते आधी सांगतो. आमच्या दूध संघासाठी क्लाउड निवडताना मी अहवालात ‘चाचणी सकाळी सात वाजता घेतली’ असं लिहिलं होतं. घेतली होती साडेअकराला, चहा झाल्यावर.

संघाचं सगळं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, न्यायचं ठरलं होतं. कंपन्या दोन होत्या. मी संगणक विभागाचा प्रमुख, आणि हाताखाली भिंगारहून स्कूटीवर येणाऱ्या प्रोग्रामर मॅडम. अध्यक्षांना काळजी एकच, “आपला डेटा ऱ्हानार कुठं? कुलपाची चावी कोनाकडं?” मी मुंबई म्हणालो, तर म्हणाले, “मंग एकदा बघून येऊ की.”

मॅडमनी बजावलं होतं, “सर, सातला सगळ्या गावांची संकलन केंद्रं एकदम दुधाच्या फॅटचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरतात. गर्दी झाली की दुसऱ्या कंपनीची ताकद आपोआप वाढते, पहिलीची नाही. सातलाच बघू या.”

मी राहतो सावेडीत, आणि सातला असतो पांघरुणात. साडेअकराला दोन्ही क्लाउड कसे सुसाट पळाले! त्या वेळी जिल्ह्यातली एक गाय धार देत असेल तर शपथ. पहिली कंपनी वापरायला सोपी वाटली, तीच घेतली.

पहिल्याच सकाळी आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरकडच्या केंद्राच्या सचिवांचा फोन आला. “साहेब, गाया कवाच मोकळ्या झाल्या, तुमचं स्क्रीनवरचं चाक आजून गोल गोल फिरतंय!”

“पाच मिनिटं थांबा.”

“मी थांबतो वो. दूध थांबल का?”

नोंद झाल्याशिवाय टँकर हलत नाही. त्या दिवशी बऱ्याच गावांचं दूध नासलं.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, “चाचनी केली कोनी?”

“मॅडमकडे होतं ते काम,” मी म्हणालो. त्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी पुढ्यातली वही मिटली. त्यांची बदली झाली पशुखाद्याच्या गोदामात. आम्ही दुसऱ्या कंपनीकडे गेलो, ती सातलाही धावते, आणि योग्य निवडीबद्दल शाल मला मिळाली.

परवा गोदामात गेलो होतो. “कसं चाललंय?” मी विचारलं.

“बरं आहे सर. इथं पोतं फाटलं की कुणी फाडलं ते लगेच दिसतं,” त्या हसून म्हणाल्या.

चाचणी मी घेतली, वेळ खोटी लिहिली, मॅडमचा दोष नव्हता, हे अध्यक्षांना लेखी द्यायचं आहे. मॅडमची माफी मागायची आहे. दोन्ही अजून बाकी आहे.